ईश्वरीचं सव्वा वर्ष

डॉक्टरांना लेकराचं खरं वय सांगा. हे एवढं एक वाक्य सांगायला मी लिहायला बसले आहे. खरं तर हे सांगायची गरजच पडू नये. पण आमच्या भागात मुलांना दोन-दोन वयं असतात, एक घरातलं आणि एक शाळेतलं, आणि त्यात आपण काही चुकीचं करतोय असं कुणाला वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

मी घाटनांदूरला राहते. आमचं छोटं कटलरीचं दुकान आहे. ते ईश्वरीचे पप्पा सांभाळतात आणि दुकानाच्या पुढच्या भागात माझी शिलाई मशीन असते. ब्लाऊज शिवते, पण मुख्य काम शाळेच्या गणवेशाचं. जून आला की गावातली निम्मी लेकरं माझ्यासमोर हात वर करून उभी राहतात. कोण वर्षात किती वाढलं हे त्यांच्या आयांच्या आधी मला कळतं.

आणि ईश्वरी माझी एकुलती एक लेक.

चोवीस इंच

ईश्वरी दुसरीतून तिसरीत गेली त्या जूनमध्ये मी तिच्या गणवेशाचं माप घेतलं. फ्रॉकची लांबी चोवीस इंच. वहीत लिहायला गेले तर आदल्या वर्षीच्या पानावरही चोवीसच. मला वाटलं, टेप सरकली असेल. पुन्हा घेतलं. मग कपाटातला जुना फ्रॉक काढून तिला घातला. तो विटला होता, पण बसत होता अगदी नव्यासारखा.

गणवेश शिवताना मी खाली चार बोटं कापड दुमडून ठेवते. लेकरू वाढलं की ते उसवून सोडायचं, म्हणजे दुसरं वर्ष निघतं. गावातल्या सगळ्या लेकरांच्या फ्रॉकचं खालचं कापड मी सोडून दिलं होतं. माझ्याच लेकीच्या फ्रॉकची दुमड जशीच्या तशी होती.

"बारीक हाय, पण काटक हाय," असं आमचे आप्पा म्हणायचे. आप्पा म्हणजे माझे सासरे. नातीवर त्यांचा लई जीव. ती त्यांच्या खांद्यावर बसून बाजार फिरायची आणि सातवं वर्ष संपलं तरी खांद्यावर मावायची, यात आम्हाला कौतुकच वाटत होतं. आज त्याची आठवण झाली की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटते.

गुरुजींची तारीख

आता वयाचं सांगते. ईश्वरी माझ्या माहेरी जन्मली, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी. दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत घरीच मोकळी झाले. त्या गडबडीत जन्माची नोंद करायची राहिली ती राहिलीच. दर वर्षी त्या तिथीला तिला न्हाऊ घालायचो, ओवाळायचो, गोड करायचो. कितवं वर्ष लागलं याची उजळणी कुणी करत नव्हतं.

शाळेत घालायची वेळ आली तेव्हा ती सात वर्षांची होऊन वर तीन महिने झाले होते. आधीच एक वर्ष अंगणवाडीत जास्त ठेवली होती, कारण ती तीन-चार वर्षांचीच दिसायची. आप्पा तिला घेऊन शाळेत गेले. गुरुजींनी वय विचारलं. आप्पांनी नातीकडं पाहिलं आणि म्हणाले, "लिव्हा सहा. एवढीशी तर हाय. सात लिव्हलं तर लोक हसतील." गुरुजींनी एक जून टाकला. आमच्याकडं अर्ध्या गावाचा जन्म एक जूनचा आहे, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. मग त्याच कागदावरून आधारकार्ड निघालं आणि माझ्या लेकीच्या आयुष्यातून सव्वा वर्ष गेलं.

मी विरोध केला का? नाही केला. उलट मला बरं वाटलं. सात वर्षांची म्हणून ती फारच लहान होती. सहा म्हटलं की जरा कमी लहान वाटायची. आपलं पोर बरोबर नाही ही शंका ज्या आईच्या मनात असते, तिला असली एखादी सोय मिळाली की ती घट्ट धरून ठेवते. मी धरली.

पहिला एक्स-रे

चोवीस इंचांनंतर मला चैन पडेना. मी आणि ईश्वरीचे पप्पा तिला अंबाजोगाईला लहान मुलांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. आप्पाही बरोबर आले. डॉक्टरांनी उंची मोजली, वजन केलं आणि विचारलं, "वय?"

मी आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी आधारकार्ड पुढं केलं. "आठ पूर्ण," मी म्हणाले.

तिचं खरं वय सव्वानऊ होतं.

तिच्या डाव्या पंजाचा एक्स-रे काढला. हाताची हाडं बघून शरीराचं वय कळतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. डॉक्टर म्हणाले, "हाडं साधारण साडेसहा वर्षांची दिसतात. दीड वर्ष मागं आहे. काही मुलं उशिरा वाढतात, घाबरायचं कारण नाही. पण सहा महिन्यांनी नक्की दाखवा. वाढतेय का ते बघावं लागेल."

'घाबरायचं कारण नाही' एवढंच आम्ही ऐकलं. डॉक्टरांनी त्यांचं काम बरोबर केलं. चुकीचं माप दिल्यावर कापड चुकीचं कापलं जाणारच, आणि माप देणारी मी होते.

सहा महिन्यांनी आम्ही गेलो नाही. लग्नसराई होती, मग ब्लाऊजची गर्दी, मग पावसाळा. कारणं खूप होती. खरं कारण असं की पुन्हा तोच प्रश्न विचारला जाईल याची मला भीती होती.

दाताची खुर्ची

त्या पहिल्या एक्स-रेनंतर चौदा महिन्यांनी ईश्वरीचा दात दुखायला लागला. दुधाची दाढ पडत नव्हती आणि तिच्याखालून नवा दात वर यायला बघत होता. गाल सुजला. दुकान सोडून यायला पप्पांना जमेना, म्हणून मी, ईश्वरी आणि आप्पा परत अंबाजोगाईला गेलो, यावेळी दाताच्या डॉक्टरांकडं. त्या माझ्याच वयाच्या बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. आप्पा बाहेर बाकावर बसले.

त्यांनी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला. काळ्या फिल्मवर दुधाचे दात आणि त्यांच्या खाली दबा धरून बसलेले पक्के दात एकदमच दिसतात. बाईंनी आधी फिल्म बघितली, नंतर ईश्वरीकडं. मग म्हणाल्या, "आधी काही तपासण्या झाल्यात का हिच्या? उंची कमी वाटते."

माझ्या पिशवीत सगळे कागद असतात. मी पंजाचा रिपोर्ट दिला. त्यांनी तो वाचला, पुन्हा जबड्याची फिल्म उजेडात धरली, पुन्हा रिपोर्ट वाचला.

"ताई, हिचं वय किती?"

"नऊ पूर्ण."

"नक्की?"

"हो."

बाईंनी खुर्ची माझ्याकडं वळवली. "बघा, नुसत्या दातांवरून वय ठामपणे सांगता येत नाही. पण हाडं एवढी मागं पडली की दातही थोडे मागं राहतात. हाडांइतके नाही, पण राहतात. हिचे दात साडेनऊच्या आसपास दिसतात. म्हणजे तुम्ही सांगताय त्या वयाच्या पुढं. हाडं एवढी मागं आणि दात पुढं, हे माझ्या डोक्यात बसत नाही. म्हणून विचारते."

खुर्चीत तोंडात कापूस घेऊन पडलेली ईश्वरी मधेच म्हणाली, "मॅडम, मी नऊचीच हाय. एक जूनला."

किती ठामपणे म्हणाली! तिला शाळेत तारीख पाठ करायला लावली होती ना.

लेकीसमोर लगेच बोलायलाच हवं होतं असं नाही. बाईंना नंतर बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण बाई माझ्याकडं बघत होत्या, लेक माझ्याकडं बघत होती, आणि माझं तोंड आपोआप उघडलं. "नाही. दहा पूर्ण झालेत. साडेदहाला आली. शाळेत कमी लावलंय."

ईश्वरीनं तोंडातला कापूस काढला. "म्हंजी? मी दहाची हाय?"

"हो."

"मग मला कावून सांगितलं न्हाई?"

बाईंनी हळूच विचारलं, "आधीच्या डॉक्टरांना हे माहीत आहे?" मी मानेनंच नाही म्हटलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त एका कागदावर खरं वय लिहिलं, त्याखाली दातांचं, त्याखाली हाडांचं, आणि म्हणाल्या, "हा कागद घेऊन हार्मोनच्या डॉक्टरांकडं जा. या आठवड्यात जा. पुढच्या नाही."

परतीची एसटी

ईश्वरी माझ्याशेजारी बसली नाही. पुढं आप्पांजवळ जाऊन बसली आणि त्यांनाच विचारलं, "आप्पा, मी मोठी हाय?"

आप्पांना सगळं कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि घाटनांदूर येईपर्यंत परत घातली नाही.

घरी ईश्वरीचे पप्पा माझ्यावर भडकले. "तू आई हायस का कोण? डॉक्टरसमोर खोटं बोलायलीस?"

मीही ऐकून घेणारी नाही. "तुमी बी शेजारीच हुभे व्हता की! तुमाला तोंड न्हवतं?"

चार-पाच दिवस घरात भांड्यांचा आवाज तेवढा होता. ईश्वरी माझ्याशी बोलत नव्हती. जेवण आप्पांच्या हातून घ्यायची. एकदा मी वेणी घालायला गेले तर फणी हातातून काढून घेतली आणि स्वतःच वेडीवाकडी वेणी घालून शाळेत गेली. शिक्षेचं म्हणाल तर ती मला पुरेशी झाली.

तिसऱ्या दिवशी आप्पा माझ्या मशीनजवळ येऊन उभे राहिले. "सूनबाई, म्या कागद बदलला. हाड कुठं बदलतंय?" एवढं बोलून ते निघून गेले.

गाठ आहे का

छत्रपती संभाजीनगरच्या हार्मोनच्या डॉक्टरांसमोर आम्ही बसलो तेव्हा मी बोलायच्या आधी आप्पाच उठून उभे राहिले. आयुष्यात कुणापुढं न वाकलेला माणूस, हात जोडून म्हणाला, "साहेब, चूक माझी हाय. वय म्या कमी लिव्हायला लावलं. लेकराच्या आईला बोलू नका." मला तिथंच रडू फुटलं. इतकी वर्षं मी या घरात नांदते, पण आप्पांनी माझी बाजू घेतलेली ती पहिलीच वेळ.

डॉक्टरांनी आप्पांना बसवलं, पाणी दिलं. मग सगळे कागद शेजारी-शेजारी मांडले. पंजाचा नवा एक्स-रे काढला होता. हाडं सात वर्षांची, मुलगी साडेदहाची. "साडेतीन वर्षांचा फरक आहे," ते म्हणाले. "दातांचा फरक एक वर्षाचा. डोक्यातल्या एका छोट्या ग्रंथीतून वाढीचं हार्मोन कमी येत असावं. तपासू. डोक्याचा एमआरआयही लागेल."

"तो कशाला?"

"कधीकधी तिथं गाठ असते. नसेलही. पण बघावं लागतं."

गाठ हा शब्द ऐकल्यापासून रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. हार्मोनच्या तपासणीसाठी ईश्वरीला उपाशीपोटी ठेवलं, हाताला सुई लावली आणि दर अर्ध्या तासानं रक्त घेतलं. ती भूक-भूक करत होती, झोपाळली होती, आणि शेवटी हट्ट सोडून तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. बोलली नाही, पण डोकं ठेवलं. तेवढ्या वेळात मी पाय हलवला नाही, मुंग्या आल्या तरी.

एमआरआयच्या खोलीबाहेर आप्पा आणि ईश्वरीचे पप्पा एकमेकांकडं न बघता बसले होते. आत ठोकल्यासारखा आवाज येत होता. मी मनात हिशोब करत होते: चौदा महिने. गाठ असेल तर ती चौदा महिन्यांत केवढी झाली असेल? तो विचार आला की मी उठून फेऱ्या मारायचे.

गाठ नव्हती. ग्रंथी लहान होती, हार्मोन कमी होतं, पण गाठ नव्हती. ईश्वरीचे पप्पा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मग वळले आणि म्हणाले, "चला, पोरीला काहीतरी खायला घालू."

त्या दिवशी मी डॉक्टरांना एकच विचारलं. ते चौदा महिने परत मिळतील का? ते खरं बोलणारे होते. म्हणाले, "नाही मिळणार. मुलींची हाडं ठरावीक वेळेनंतर जुळतात आणि मग उंची थांबते. पण हिची हाडं सात वर्षांची आहेत, म्हणजे अजून जागा आहे. किती वेळ मिळतो ते दर वर्षी हाडांनाच विचारायचं."

रोजची सुई

दिवाळीच्या आधी इंजेक्शनं सुरू झाली. रोज एक. नर्सताईंनी मला संत्र्यावर शिकवलं. वीस वर्षं सुई हातात आहे माझ्या, डोळे मिटून बटण लावते, पण लेकीच्या मांडीजवळ नेलेली सुई मी दोनदा मागं घेतली. ईश्वरीच म्हणाली, "मम्मी, ब्लाऊज समज की." पाच आठवड्यांनी तिनं माझ्याशी केलेली ती पहिली थट्टा होती. मी टोचली. ती आई गं म्हणाली आणि मग म्हणाली, "एवढंच?"

एवढंच नव्हतं. रोज होतं. मांडीवर निळे डाग पडायचे. कधी ती पळून जायची, कधी मलाच नको वाटायचं. शेजारच्या बाया यायच्या, "कावून टोचायलीस गं लेकराला? देवानं दिलंय तेवढं दिलंय." एकदा मी कात्री हातात घेऊनच उत्तर दिलं, त्यानंतर येणं कमी झालं.

औषध थंड ठेवावं लागतं आणि आमच्याकडं वीज कधी जाईल याचा नेम नाही. वादळात दोन दिवस लाईट गेली तेव्हा दूध डेअरीवाल्या काकूंनी त्यांच्या जनरेटरवरच्या फ्रीजमध्ये आमचं इंजेक्शनचं पेन ठेवून घेतलं. दोन्ही संध्याकाळी त्यांनी ते स्वतः आणून दिलं, पदराखाली झाकून, जणू प्रसादच. कपिलधारच्या यात्रेला गेलो तेव्हा आप्पांनी बर्फाचा थर्मास दिवसभर खांद्याला लावून सांभाळला. बर्फ औषधाला चिकटू द्यायचा नाही, गोठलं की ते वाया जातं, म्हणून मधे कापड गुंडाळलेलं. धबधब्याखाली सगळे भिजले. आप्पा लांब उभे होते, थर्मास पोटाशी धरून.

आणि मी रोज माप घ्यायचे. रोज! डॉक्टरांना कळलं तेव्हा त्यांनी हात जोडले. "ताई, तीन महिन्यांनी एकदा. तुमच्या टेपनं माझी झोप उडवाल." मी टेप मशीनच्या खणात ठेवली. तरी डोळ्यानं मोजायचेच.

पहिल्या वर्षी ती साडेतीन इंच वाढली. हाडं सव्वा वर्षानं पुढं गेली होती. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, पण लक्ष ठेवू. उंची वाढते तशी हाडंही पिकत जातात, आणि ती उंचीच्या पुढं पळाली की दार लवकर बंद होतं. म्हणजे लेक वाढली तरी मला भीती आणि नाही वाढली तरी भीती.

मागच्या महिन्यातला पंजा

मागच्या महिन्यात दुसरं वर्ष पूर्ण झालं. पुन्हा संभाजीनगर. आदल्या दिवसापासून मला जेवण गेलं नव्हतं. मधल्या काळात ईश्वरीचे सुळे आले होते, चेहरा बदलला होता, आणि मोठेपणाच्या पहिल्या खुणा दिसू लागल्या होत्या. एरवी आईनं हसून घ्यावं असं ते वय. मला वाटायचं, दार बंद व्हायला लागलं.

एक्स-रेच्या खोलीत तिथल्या कामावरच्या मुलानं नाव लिहिलं आणि विचारलं, "वय?"

माझं तोंड उघडलं, पण ईश्वरी आधी बोलली. "बारा वर्षं आठ महिने."

त्यानं आधारकार्ड बघितलं. "इथं तर अकरा आहे."

"ते चुकलंय. दुरुस्तीला दिलंय. तुमी बारा लिव्हा, डॉक्टरला खरं लागतंय." आणि तिनं पंजा प्लेटवर ठेवला, बोटं पसरून, न सांगता.

डॉक्टरांनी फिल्म लावली. दोन वर्षांपूर्वीची शेजारी लावली. मी त्यांच्या पाठीकडं बघत होते. आप्पांनी ईश्वरीचा हात धरला होता आणि पप्पा दाराची कडी धरून उभे होते.

"हाडं दहाची," डॉक्टर म्हणाले. "जागा आहे अजून. वेळ आहे."

किती वेळ, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सगळ्या वर्गाइतकी उंच ती होणार नाही कदाचित. गेलेल्या महिन्यांचा इंच-दीड इंच कुठंतरी कमी पडेल आणि तो माझ्या नावावर राहील, हे मला माहीत आहे.

घरी आल्यावर मी तिचा गणवेश घेऊन बसले. खालची दुमड उसवली आणि चार बोटं कापड सोडलं. ज्या ठिकाणी दुमड होती तिथं जुन्या शिवणीची रेघ उठून दिसत होती, वरचं कापड विटकं आणि खालचं नवं करकरीत निळं. मी खणातून लेस काढली. रेघेवर लावली असती तर कुणाला कळलंही नसतं की फ्रॉक वाढवलाय.

ईश्वरी समोर येऊन उभी राहिली. "काय करायलीस?"

"रेघ झाकते."

"नको झाकू," ती म्हणाली. "दिसू दे. तेवढी वाढलेय मी."

मी लेस खणात परत ठेवली.